शेवटची गोळी आत जाईना!

नव्याकोऱ्या पिस्तुलाचं मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची डबी, पहिल्यांदाच हाताने भरणाऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा असतो. पहिल्या पाच-सहा गोळ्या खेळीमेळीने आत जातात. दहावीला अंगठ्याचं टोक पांढरं पडतं. पंधरावीला गडी मॅगझिन मांडीवर टेकवतो, दात-ओठ खातो आणि कोणी बघत तर नाही ना, हे पाहून घेतो. सतरावी गेली तर गेली, नाहीतर ‘सोळा बास झाल्या’ म्हणत विषय मिटवतो. रोज जिममध्ये दंड फुगवणारेही इथे हात टेकतात.

(खरं तर आत जातं ते काडतूस, गोळी म्हणजे नुसतं त्याचं टोक. पण बोलताना एवढा काथ्याकूट कोण करतो! आणि हो, ‘काडतूस’ आणि ‘पिस्तूल’ हे दोन्ही शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांच्या गलबतातून आलेले.)

दोष हूकसाहेबांचा

स्प्रिंग जितकी दाबाल, तितकी ती उलट ढकलते. हा नियम इंग्लंडच्या रॉबर्ट हूकचा. गडी इतका संशयी की दुसऱ्या कोणी शोध पळवू नये म्हणून १६७६ मध्ये त्याने तो अक्षरं उलटीपालटी करून कोड्यासारखा छापला आणि उत्तर दिलं १६७८ मध्ये. मॅगझिनमधली प्रत्येक गोळी स्प्रिंगला आणखी थोडं दाबते, म्हणून प्रत्येक पुढची गोळी आधीच्या गोळीपेक्षा हट्टी. त्यात रिकाम्या मॅगझिनमधली स्प्रिंगसुद्धा पूर्ण मोकळी नसतेच, थोडी दाबूनच बसवलेली असते.

मग कारखानदार मऊ स्प्रिंग का घालत नाहीत? कारण बार उडाला की पिस्तुलाची स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे जाऊन डोळ्याचं पातं लवायच्या आत पुढे येते. तेवढ्यात खालची गोळी वर हजर हवी. ती रेंगाळली की पिस्तूल अडकलंच म्हणून समजा.

दोन रांगा, एक दार

दादरच्या पुलावरून उतरणारी गर्दी आठवा. वर ऐसपैस, खाली जिन्याच्या तोंडाशी चेंगराचेंगरी. बहुतेक आधुनिक पिस्तुलांच्या मॅगझिनमध्ये हेच चालतं. पोटात गोळ्या नागमोडी दोन रांगांत, तोंडाशी मात्र एकच रांग. जिथे दोनाची एक होते तिथे गोळ्या एकमेकींना आणि पत्र्याला घासतात, आणि ते घर्षण सोसायचं अंगठ्याने.

ही मांडणी गाजवली ती ब्राउनिंग हाय-पॉवरने. या पिस्तुलाचा मूळ रचनाकार जॉन ब्राउनिंग १९२६ मध्येच वारला. पिस्तूल पुरं केलं बेल्जियमच्या द्युदोने सैव यांनी, आणि १९३५ मध्ये ते बाजारात आलं. मॅगझिनमध्ये तेरा गोळ्या, त्या काळी चैनच! हेच पिस्तूल पुढे आपल्या बंगालातल्या ईशापूरच्या रायफल कारखान्यात ‘९ मिमी १ए’ या नावाने बनू लागलं.

उझीसारख्या काही सबमशीनगनमध्ये दोन्ही रांगा तोंडापर्यंत दोनच राहतात. तिथे गोळी वरून सरळ खाली दाबली की ‘खट्’ करून बसते. अंगठ्याला विचाराल तर तो उझीलाच मत देईल.

ब्रिटिशांची स्टेनगन याच्या अगदी उलट. बत्तीस गोळ्या, तोंडाशी एकच रांग आणि तेही दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत. भरण्यासाठी वेगळं अवजार द्यावं लागे. जाणते शिपाई बत्तीस भरायच्या फंदात पडतच नसत. दोन-चार कमी भरल्या की गन अडकायचीही कमी.

पेचकसाची करामत

जर्मन ल्यूगर पिस्तूल म्हणजे आठ गोळ्यांचं नखरेल प्रकरण. त्याच्या मॅगझिनला बाजूला एक बटण असे. ते खाली ओढलं की स्प्रिंग दबते आणि गोळ्या अलगद पडतात. पण बोटाने ओढायलाही जड! म्हणून पिस्तूल उघडण्यासाठी दिलेल्या छोट्या पेचकसालाच एक भोक ठेवलेलं. ते बटणावर अडकवायचं आणि खाली दाबायचं. पेचकस राहायचा चामड्याच्या म्यानाच्या झाकणात. अंगठ्याचा एवढा विचार केला, म्हणून मला ल्यूगरवाले फार आवडतात.

पॉइंट टू-टूचा डाव

स्पर्धेतल्या पॉइंट टू-टू (.२२ बोअरच्या) पिस्तुलांच्या मॅगझिनलाही ल्यूगरसारखंच बटण असतं. कोल्हापूरच्या राही सरनोबत हिने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं ते याच जातीच्या काडतुसांच्या २५ मीटर पिस्तुलात. पात्रता फेरीत साठ गोळ्या, पाच-पाचच्या मालिकांत. म्हणजे पाचच्या वर भरायचंच नाही. अंगठा खूश.

पण सोपं म्हणून गाफील राहायचं नाही. या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. बटण फार खाली ओढून गोळ्या भसाभस सोडल्या, तर वरच्या गोळीची कड खालच्या गोळीच्या कडेमागे अडकते आणि ऐन मालिकेत पिस्तूल रुसतं. बटण एका वेळी एकाच गोळीपुरतं ओढावं.

आपल्याकडे सामान्य परवानाधारकाला नऊ मिलिमीटरचं पिस्तूल मिळतच नाही, त्यामुळे सुरुवातीचा तो सतरा गोळ्यांचा घाम बहुतेक खाकीवाल्यांच्याच वाट्याला.

दोन अंगठ्यांचं गणित

सगळ्यात मोठी चूक म्हणजे एकाच अंगठ्याने दाबायचंही आणि सरकवायचंही. कामं वाटून द्या. मॅगझिनचं बूड टेबलावर, खाली जाडसर फडकं. नवी गोळी आधीच्या गोळीच्या पुढच्या अर्ध्या भागावर ठेवायची, मॅगझिनच्या तोंडावर आत वळलेल्या पत्र्याच्या ओठांच्या पुढे. डाव्या अंगठ्याने ती सरळ खाली दाबायची. खालची गोळी थोडी दबली की उजव्या अंगठ्याने टोकाकडून मागे सरकवायचं, ओठांखाली. दाबायला अंगठ्याचं टोक वापरू नका, मांसल भाग वापरा. अधूनमधून मॅगझिनची मागची बाजू तळहातावर आपटायची, म्हणजे गोळ्या मागे नीट बसतात.

मॅगझिन नवं असेल तर भरून चार दिवस ठेवून द्या. नवी स्प्रिंग किंचित बसते. ‘भरून ठेवलं की स्प्रिंग मरते’ हा समज मात्र सोडा. चांगल्या स्प्रिंगला झिजवतं ते वारंवार दाबणं-सोडणं.

आणि आत तेल ओतू नका! तेलावर धूळ बसते, धुळीचा चिखल होतो. कोरडं फडकं पुरे.

चिमट्याची वट

ऑस्ट्रियाचे ग्लॉकवाले पिस्तुलाच्या डब्यातच प्लॅस्टिकचा साधा लोडर देतात: मॅगझिनवर चढवायचा, दाबायचा, झालं. त्याहून लाडका आहे इस्राएलच्या मॅगलूला कंपनीचा ‘अपलूला’. मॅगझिनवर चढवायचा, आवळायचा, खाली दाबायचा, गोळी सोडायची, वर घ्यायचा. वरची गोळी चिमटा दाबून धरतो, म्हणून नवी नुसती टाकायची. नऊ मिलिमीटरपासून पॉइंट फॉर्टीफाइव्हपर्यंत बहुतेक पिस्तुलांना एकच पुरतो.

जाता जाता एक गंमत. ‘मॅगझिन’ आलं अरबी ‘मखाझिन’वरून, म्हणजे कोठारं. आपला ‘खजिना’ही त्याच धातूचा, म्हणजे चुलत भाऊच. लंडनच्या एडवर्ड केव्हने १७३१ मध्ये ‘द जंटलमन्स मॅगझिन’ काढलं आणि शब्द दारूगोळ्यावरून कागदावर आला. संपादकमंडळी अंक अजूनही तसाच भरतात: शेवटचा लेख काही केल्या आत जात नाही.