बंब, बर्फ आणि बिल

माझे लहानपण साताऱ्याच्या वाड्यात गेले. तिथे घर तापवण्याचा प्रश्न कधी आला नाही. तापवायचे ते फक्त पाणी, आणि त्यासाठी न्हाणीघरात तांब्याचा बंब होता. तो बिघडला असे मी कधी ऐकले नाही. फार तर जाळीत राख साचे. आई ती काढी आणि बंब पुन्हा भडाडून पेटे.

गेली कित्येक वर्षे माझे बिऱ्हाड शिकागोच्या उपनगरात आहे. इथे तळघरात कपाटाएवढी लोखंडी पेटी असते, तिला फर्नेस म्हणतात. ती गॅसवर जळते आणि तापलेली हवा पंख्याच्या जोरावर पत्र्याच्या नळ्यांतून खोल्याखोल्यांत जाते. घर घेताना आम्ही स्वयंपाकघर पाहिले, अंगण पाहिले. फर्नेसकडे मात्र ढुंकूनही पाहिले नाही. त्याची फी मला पुढे भरावी लागली.

जानेवारी २०१९ मधली गोष्ट. त्या आठवड्यात अशी थंडी पडली की ३० तारखेच्या सकाळी ओ'हेअर विमानतळावर पारा शून्याखाली सुमारे ३१ अंश सेल्सियसवर उतरला. आई नेमकी आमच्याकडे आली होती. वय शहात्तर, त्यात दमा. आदल्या संध्याकाळी फर्नेस बंद पडली! पेटायची, दोन-चार सेकंदांत विझायची. असे तीनदा झाले आणि मग ती गप्पच झाली.

जाहिरातीतला नंबर फिरवला. रात्री दहाला मेकॅनिक आला. रात्रपाळीची नुसती यायची फी दोनशे डॉलर. दहा मिनिटे बॅटरी फिरवून त्याने गंभीर चेहऱ्याने सांगितले, "हीट एक्स्चेंजर फुटला आहे. विषारी वायू घरात येईल. नवी फर्नेस बसवावी लागेल; ७,८०० डॉलर. आत्ता सही केलीत तर पाचशे कमी."

वाचकहो, खोटे कशाला बोलू? मी खिशातले पेन काढले होते. आई शाल गुंडाळून जिन्यात बसली होती. तिने विचारले, "काय म्हणतोय रे तो?"

मी सांगितले. आई म्हणाली, "मग कुठं फुटलंय ते दाखव म्हणावं. तांबटसुद्धा भांडं उजेडाला धरून भोक दाखवतो, मगच डाग देतो."

मी तेच इंग्रजीत विचारले. गृहस्थ गडबडला. "उघडल्याशिवाय दिसणार नाही," म्हणाला. न दिसणारी चीर याला दिसली कशी? मी पेन परत खिशात ठेवले.

तरीही त्या रात्री मी फर्नेस पुन्हा चालू केली नाही, आणि तुम्हीही करू नये. हीट एक्स्चेंजर म्हणजे ज्वाला आणि आपली हवा यांच्यामधला पत्रा. तो खरोखरच तडकला, तर कार्बन मोनॉक्साइड घरात मिसळू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही; माणूस झोपेतच जातो. म्हणून माणूस खोटारडा वाटला तरी त्याचे म्हणणे तपासून घेईपर्यंत खरे धरावे. विजेचे दोन हीटर लावून आम्ही सारे एका खोलीत झोपलो. पाण्याच्या नळ्या गोठून फुटू नयेत म्हणून नळ बारीक धारेने चालू ठेवले. काही लोक अशा वेळी गॅसची शेगडी पेटवून घर तापवतात. तो तर मरणालाच आमंत्रण देण्याचा प्रकार.

सकाळी शेजाऱ्याच्या ओळखीचा एक म्हातारा कारागीर आला. त्याने आत छोटा कॅमेरा घातला, वायू मोजायचे यंत्र लावले आणि मला पडद्यावर पत्रा दाखवला. कुठेही चीर नव्हती. मग पेन्सिलीपेक्षा बारीक अशी एक धातूची कांडी काढली. ही फ्लेम सेन्सर. ज्वाला पेटली आहे की नाही हे फर्नेसला तिच्यामुळे कळते. कळले नाही, तर जळल्याशिवाय गॅस साचू नये म्हणून फर्नेस गॅस तोडते. कांडीवर पुटे चढली होती. म्हाताऱ्याने ती घासली, बसवली; फर्नेस धडधडू लागली. बिल १८० डॉलर.

आई म्हणाली, "म्हणजे राखच साचली होती की!"

त्या दिवसापासून मी फर्नेसचा अभ्यास केला. माझ्या आणि मित्रांच्या बिलांवरून सांगतो: दिवसा नुसते येऊन तपासायचे शंभर ते दीडशे डॉलर; इग्नायटर म्हणजे गॅस पेटवणारा भाग बदलायचे दोनशे ते चारशे; कंट्रोल बोर्ड चारशे ते आठशे; पंख्याची मोटर पाचशे ते पंधराशे; आणि हीट एक्स्चेंजर दीड हजारापासून पुढे कितीही. रात्री आणि सुटीच्या दिवशी मजुरी दीडपट-दुप्पट. सुटा भाग पुष्कळदा स्वस्त असतो. पैसे पडतात ते अनुभवाचे, गाडीचे आणि बर्फातून येण्याचे. ते देण्यात मला वाईट वाटत नाही. भीतीचे पैसे मात्र देऊ नयेत.

फोन करण्यापूर्वी चार गोष्टी स्वतः पाहाव्यात. फर्नेसजवळ दिव्यासारखेच बटण असते. ते कोणी चुकून बंद केले आहे का? थर्मोस्टॅटची बॅटरी संपली आहे का? हवेची गाळणी धुळीने भरली आहे का? ती तुंबली की फर्नेस तापते आणि आपणहून थांबते. आणि भिंतीबाहेर नळ्या असतील, तर त्यांच्या तोंडावर बर्फ साचले आहे का? आमच्या एका मित्राने बटण दाबायला माणूस बोलावून शंभर डॉलर मोजले आहेत!

दुरुस्ती की नवी, हा खरा पेच. इकडच्या धंद्यात एक ठोकताळा आहे: फर्नेसचे वय गुणिले दुरुस्तीचा खर्च, उत्तर पाच हजारांच्या वर गेले तर नवीचा विचार करावा. साधारण पंधरा-वीस वर्षे फर्नेस टिकते. २०२३ मध्ये आमची सतरा वर्षांची झाली आणि मोटर व बोर्ड मिळून चौदाशे डॉलर मागितले गेले. हिशेब स्पष्ट होता. पण या वेळी महिना ऑक्टोबर होता, घाई नव्हती. तिघांकडून लेखी अंदाज घेतले. सर्वांत कमी ५,२००, सर्वांत जास्त ९,१००, घर तेच! मी मधल्याला काम दिले, कारण घराला किती उष्णता लागते याचे गणित त्या एकट्यानेच केले.

जुनी फर्नेस शंभरातली ऐंशी टक्के उष्णता घरात देई, नवी शहाण्णव देते. पण तिला धुरासाठी वेगळ्या प्लॅस्टिकच्या नळ्या आणि पाणी जायला वाट लागते. तो खर्च अंदाजात आहे का, हे विचारावे. हमीपत्राची नोंद कंपनीकडे मुदतीत करावी. शिवाय हमी बहुधा भागांची असते, मजुरीची नव्हे, हेही लक्षात ठेवावे. आणि झोपायच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडची घंटा लावावी. आमच्या इलिनॉय राज्यात तर तसा कायदाच आहे.

आता दरवर्षी दिवाळीच्या सुमारास, पहिली थंडी पडण्याआधी, मी फर्नेस तपासून घेतो. त्या दिवसांत कारागीर निवांत असतात आणि आपणही. नरकचतुर्दशीला साताऱ्याहून आईचा फोन येतो. अभ्यंगस्नान झाले का, फराळ काय केला, हे सारे नंतर. तिचा पहिला प्रश्न ठरलेला असतो:

"बंबाची राख काढलीस का रे?"