सुगंध ओलाच बरा!

एप्रिल उजाडला की शहरातल्या दुकानांमध्ये ‘समर कलेक्शन’ लागतं. कपड्यांचं लागतं, चपलांचं लागतं आणि आता सुगंधांचंही लागतं. लिंबाच्या वासाच्या मेणबत्त्या, मोगऱ्याचे रूम फ्रेशनर, बाटलीत काड्या खोचलेले डिफ्यूझर. लग्नसराईत आणि वास्तुशांतीला आहेर म्हणूनही हल्ली काचेच्या बरणीतली सुगंधी मेणबत्ती हातात पडते. दिसायला इतकी देखणी की नाही म्हणवत नाही. पण घरी आणल्यावर प्रश्न पडतो, ही लावायची कुठे आणि कधी?

या प्रश्नाचं उत्तर पुण्या-मुंबईच्या एसी फ्लॅटमध्ये वेगळं आणि आमच्या बेल्ह्यात वेगळं. जुन्नर तालुक्याच्या पूर्वेला, कल्याण-नगर महामार्गावरचं हे गाव सोमवारच्या बैलबाजारासाठी ओळखलं जातं. तालुक्याचा पश्चिमेकडचा डोंगरी भाग पावसात न्हाऊन निघतो, आमच्याकडे येईपर्यंत ढग रिकामे झालेले असतात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि हवा कोरडीठाक. याच दिवसांत उन्हाळी कांदा काढून बराखीत भरलेला असतो. गोठा घराला लागून. त्यामुळे घरात चांगला वास यावा असं इथल्या बाईला वाटलं तर त्यात नटवेपणा काही नाही.

पण आमच्याकडची खरी अडचण रात्रीची आहे. पूर्वी उन्हाळ्यात ओट्यावर नाहीतर अंगणात बाजा टाकून घर झोपायचं. बिबट्याने ते सुख हिरावून घेतलं. जुन्नर-आंबेगावातल्या मळ्यांतून, वस्त्यांवरून आता दिवेलागण झाली की लेकरं आत आणि दारं बंद. वर तापलेला पत्रा. खाली डासांची कॉइल. देवापुढे उदबत्ती. त्यात भर म्हणून सुगंधी मेणबत्ती! आणि त्याच खोलीत तान्हं बाळ, त्याच खोलीत दम्याच्या सासूबाई. म्हणून मैत्रिणींनो, उन्हाळ्याचा सुगंध निवडणं ही नुसती हौस नाही. घरातल्या माणसांच्या श्वासाचा तो प्रश्न आहे. माझा नियम सोपा आहे. उन्हाळ्यात सुगंध पाण्यातून यावा, आगीतून नको.

आधी वास काढा, मग सुगंध आणा

दुर्गंधीवर सुगंध फवारला की दोन्हींचं मिळून तिसरंच काहीतरी तयार होतं. नासलेला एक कांदा बराखीतून वेळेवर निघाला तर दहा उदबत्त्यांचं काम होतं. घरातल्या वापराचा कांदा प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, टोपलीत पसरून ठेवा, म्हणजे हवा खेळते. मोरीच्या जाळीत अडकलेले केस आणि शितं रोज काढा आणि आठवड्यातून एकदा खायचा सोडा टाकून वर गरम पाणी ओता. गाद्या-गोधड्यांना कडक ऊन दाखवा. उन्हाळा एवढी एक सोय तर फुकट देतो. फ्रीजमध्ये वाटीभर खायचा सोडा उघडा ठेवला तरी वास बराच कमी होतो. आणि पहाटे सहाच्या आत समोरासमोरच्या खिडक्या उघडून रात्रीची कोंडलेली हवा बाहेर घालवा. याला पैसा लागत नाही.

मेणबत्तीचं गणित

आता मेणबत्ती. एक जळती मेणबत्ती साधारण ७० ते ८० वॅट उष्णता बाहेर टाकते. शांत बसलेला माणूस १०० वॅटच्या आसपास. म्हणजे दोन मेणबत्त्या लावल्या की खोलीत एक-दीड पाहुणा जास्तीचा आल्यासारखं झालं! थंडीत हे बरं वाटेल, मेमध्ये पत्र्याखाली नाही.

दुसरी गोष्ट वासाची. उष्णतेने सुगंधी तेलं भराभर उडतात. त्यामुळे जो व्हॅनिलाचा, दालचिनीचा किंवा उदाचा वास डिसेंबरात ऊबदार वाटतो, तोच मेमध्ये डोक्यात चढतो. अत्तराच्या जुन्या पेढ्यांवर हे ज्ञान होतंच. हिना, शमामा ही थंडीची अत्तरं. खस, गुलाब, केवडा ही उन्हाळ्याची. मेणबत्ती निवडतानाही तोच हिशेब धरा. गवती चहा, लिंबू, खस, हलका मोगरा चालेल, गोडमिट्ट वास नको.

घ्यायचीच असेल तर वात आधी बघा. वात सुती हवी. वातीच्या पोटात धातूची तार चमकली आणि ती कागदावर घासल्यावर पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटली, तर ती शिशाची असू शकते. अशा वातींवर अमेरिकेने २००३ मध्ये बंदी घातली. लावण्याआधी वात पाव इंच ठेवून कातरा, म्हणजे काजळी कमी धरते. पंख्याखाली लावू नका. ज्योत फडफडली की धूर वाढतो. एका वेळी चार तासांपेक्षा जास्त जाळू नका. आणि मच्छरदाणी, पडदा, वाळत घातलेले कपडे यांच्या जवळपासही नको. वीज गेली म्हणून लावलेली मेणबत्ती झोपायच्या आधी विझलीच पाहिजे.

एक युक्ती सांगते. आहेरात आलेली बरणीतली मेणबत्ती पेटवूच नका. उन्हाळ्यात दुपारी नुसतं झाकण उघडून कपाटावर ठेवा. घरातल्या उष्म्याने मेण मऊ पडतं आणि हलका वास आपोआप येत राहतो. संध्याकाळी झाकण लावून टाका. मेण साधारण ५० ते ६५ अंशांना वितळतं, त्यामुळे बंद गाडीत किंवा पत्र्याला लागून असलेल्या माळ्यावर मात्र ती ठेवू नका.

मेणबत्ती या वस्तूशी माझं वैर नाही हं. महाबळेश्वरला भावेश भाटिया यांनी नव्वदच्या दशकात मेणबत्त्यांचा उद्योग सुरू केला. ते स्वतः दृष्टिहीन आहेत आणि त्यांच्याकडे काम करणारेही बहुतेक दृष्टिहीनच. अशा हातांची मेणबत्ती जरूर घ्या. फक्त ती दिवाळीसाठी, थंडीसाठी राखून ठेवा.

वाळा : गरिबाचा एसी

मग उन्हाळ्यात काय? पहिलं उत्तर वाळा. वाळा म्हणजे एका गवताची मुळं, ज्याला हिंदीत खस म्हणतात. कोरड्या मुळांचा वास मंद असतो, पाणी लागलं की ती जागी होतात. मुळांवरचं पाणी वाफ होऊन उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं, म्हणून वाळ्याच्या ओल्या ताटीतून येणारा वारा गार लागतो. मोगलांच्या काळापासून उत्तरेत हे पडदे वापरात आहेत.

यात एक मेख आहे. ही युक्ती कोरड्या हवेतच चालते. मुंबईत किंवा कोकणात हवेत आधीच इतकी ओल असते की पाणी उडत नाही, पडदा नुसता कुबट होतो. बेल्ह्यासारख्या कोरड्या गावात मात्र वाळा पुरेपूर काम करतो. पण आमच्याकडे दुसरी अडचण, पाण्याची. अणे पठारावरच्या बाईला हंडाभर पाण्याचं मोल विचारा! तेव्हा दारभर पडदा नको. दीड-दोन फुटांची वाळ्याची चटई पश्चिमेच्या खिडकीला टांगा आणि भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी कुंडीला घातल्यावर उरलेल्या स्वच्छ पाण्याचा हबका दुपारी दोन-तीनदा मारा. घरी कूलर असेल तर त्याच्या गवताच्या जाळीत मूठभर वाळा खोचला तरी भागतं.

माठात घालायचा वाळा वेगळा ठेवा. चार-पाच पाण्यांनी माती निघेपर्यंत धुवायचा, स्वच्छ मलमलीत पुरचुंडी बांधायची आणि माठात सोडायची. तीन-चार दिवसांनी काढून कडक उन्हात वाळवायची, मग पुन्हा वापरायची. वास सरला की फेकू नका, कपड्यांच्या कपाटात ठेवा. डांबरगोळ्यांपेक्षा शतपटीने बरा, विशेषतः बाळाचे कपडे असतील तिथे. काष्ठौषधींच्या किंवा पूजासाहित्याच्या दुकानात वाळा मिळतो. घेताना वास घेऊन बघा, नुसती काडी-कचरा असेल तर परत करा.

चैत्रगौरीची शिकवण

आपल्या आज्या-पणज्यांनी उन्हाळ्याचे सुगंध सणांतच बांधून ठेवले आहेत. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यावर बसते ती अक्षय्य तृतीयेपर्यंत. त्या महिन्यातलं हळदीकुंकू आठवा. कैरीची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, हातावर अत्तराचं बोट, अंगावर गुलाबपाण्याचा शिडकावा, केसात मोगरा. यात पेटवायचं असं काही नाही, सगळं ओलं आणि गार! अक्षय्य तृतीयेला दान द्यायच्या घटातल्या पाण्यातही वाळा घालतात.

देवालाही आपण तेच देतो. पंढरपुरात गुढीपाडव्यापासून मृग नक्षत्रापर्यंत विठ्ठल-रखुमाईला चंदनाची उटी लावतात. आळंदीला माउलींच्या समाधीवरही पाडव्याला चंदनउटी असते. उन्हाळ्यात देवाला ऊन लागू नये म्हणून सुगंध उगाळायचा, ही कल्पनाच किती गोड आहे!

घरी चंदन रोज परवडणार नाही, पण मोगरा परवडतो. त्याच्या कळ्या संध्याकाळी उमलतात, म्हणून फुलं सकाळी न घेता दुपारनंतर टपोऱ्या बंद कळ्या घ्या. पसरट काशाच्या वाटीत बोटभर पाणी घालून कळ्या सोडा आणि उशापासून चार हात लांब ठेवा. रात्रभर खोली दरवळते. सोनचाफ्याचं एकच फूल पेल्यात पाणी घालून ठेवलं तरी पुरतं. सकाळी ते पाणी ओतून टाकायला विसरू नका, नाहीतर डासांची सोय होईल.

आणि सगळ्यात स्वस्त सुगंध कोणता? तापलेल्या मातीवर पडलेल्या पाण्याचा. १९६४ मध्ये इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी या वासाचा अभ्यास करून त्याला ‘पेट्रिकोर’ असं नाव दिलं. मातीतले सूक्ष्म जीव जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात, त्याचाही या वासात वाटा असतो. उत्तर प्रदेशातल्या कन्नौजमध्ये तर भाजलेल्या मातीचं अत्तर काढतात. आपल्याला अत्तराची गरज नाही. उन्हं उतरल्यावर अंगणात तांब्याभर पाण्याचा सडा टाकला की झालं.

धुराचा हिशेब

आता कटू बोलते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं आढळलं की डासांची एक कॉइल जळताना जेवढे सूक्ष्म कण हवेत सोडते, तेवढे सोडायला ७५ ते १३७ सिगारेटी लागतील. घरात कुणी विडी ओढली तर आपण आकांडतांडव करतो आणि बाळाच्या उशाशी कॉइल मात्र आपणच लावतो! उदबत्तीच्या धुरातही हे सूक्ष्म कण असतातच. देवापुढची उदबत्ती बंद करा असं मी म्हणत नाही. एकच लावा, खिडकी उघडी असताना लावा आणि निजायच्या खोलीत नको. सिट्रोनेलाच्या मेणबत्तीने डास पळतात या भरवशावरही राहू नका. मच्छरदाणीला तोड नाही.

आमच्या भागातल्या बायकांना माझं एक कळकळीचं सांगणं आहे. बिबट्याच्या भीतीने दार बंद ठेवावंच लागतं, पण खिडकी बंद ठेवावी लागू नये. मजबूत गज आणि त्यावर बारीक जाळी बसवून घ्या. दोन-चार महागड्या मेणबत्त्यांच्या पैशांत एका छोट्या खिडकीची जाळी होऊन जाते. ती बसली की कॉइल सुटते, वारा आत येतो आणि वाटीतला मोगरा खऱ्या अर्थाने दरवळतो.

हे लक्षात ठेवा

● कापूर मुलांच्या हाताला लागेल असा ठेवू नका. खडीसाखर समजून खाल्ला तर फिट येऊ शकते. तान्ह्या बाळाच्या नाकाजवळही नको.

● सुगंधी तेल थेट अंगावर लावू नका. घरात गरोदर बाई किंवा दम्याचा पेशंट असेल तर डिफ्यूझर लावण्याआधी डॉक्टरांना विचारा.

● काड्यांचा डिफ्यूझर उन्हाळ्यात लवकर आटतो. सगळ्या काड्या न खोचता दोन-तीनच खोचा.

● एका खोलीत एकच वास ठेवा. मोगरा असेल तर फ्रेशनर नको.

● वास्तुशांतीला आहेर द्यायचा आहे? छोटा माठ, त्यात वाळ्याची जुडी आणि वर मोगऱ्याचं एक रोप. मेणबत्ती महिन्याभरात संपते, रोपाला मात्र पुढच्या उन्हाळ्यातही कळ्या येतात!