घरचा संगणक आणि संगीताचें यथावत् श्रवण

‘श्रुति’ हा शब्द ‘श्रु’ म्हणजे ऐकणें या धातूपासून झालेला आहे. कानाला वेगळा ओळखतां येतो असा सूक्ष्म स्वरभेद म्हणजे श्रुति. आमच्या शास्त्रकारांनीं संगीताचें माप असें श्रोत्याच्या कानाला लावून घेतलें. आज ज्या संगणकावरून आपण घरांत गाणें ऐकतों, त्यालाही हाच न्याय लावणें उचित होय. यंत्राच्या खोक्यावर कोणते अंक छापले आहेत याची चौकशी मागाहून करावी. तंबोऱ्याची जवारी आपल्या बैठकीच्या खोलींत येऊन पोंचली कीं नाहीं, हें आधीं पाहावें.

सांप्रत पुष्कळ घरांत संगणक आहे, इंटरनेट आहे, आणि संगीत पुरविणाऱ्या एखाद्या कंपनीची मासिक वर्गणीही भरली जाते. गाण्याची प्रत घरीं न ठेवतां दूरच्या भांडारांतून तें वाहत येत असतांनाच ऐकणें, यास स्ट्रीमिंग म्हणतात. लाखों गाणीं हाताशीं आलीं, तरी घरांतील वडील मंडळी ‘पूर्वींची रेकॉर्ड बरी वाजत असे’ असें म्हणतात आणि तरुण मंडळींस तो केवळ जुन्याचा अभिमान वाटतो. वडिलांची तक्रार बहुधा खरी असते. मात्र दोष नव्या पद्धतीचा नसून घरांतील मांडणीचा असतो. मोटेनें विहिरींतून कितीही पाणी उपसलें, तरी पाट जागोजाग फुटलेला असेल तर वाफा कोरडाच राहावयाचा. गाण्याचा पाट चार ठिकाणीं फुटूं शकतो : भांडारांतून येणारा प्रवाह, संगणकाची आंतील व्यवस्था, अंकांचा ध्वनि करणारें उपकरण, आणि शेवटीं स्पीकर व खोली. याच क्रमानें विचार करूं.

ध्वनीचे अंक

संगणकाला स्वर कळत नाहीं. त्याला अंक कळतात. म्हणून ध्वनिलहरीची उंची ठराविक अंतरानें मोजून तीं मापें लिहून ठेवावयाचीं, अशी रीत आहे. फिलिप्स व सोनी यांनीं सिद्ध केलेली सीडी १९८२ सालीं बाजारांत आली. तींत सेकंदाला ४४,१०० मापें घेतात आणि प्रत्येक माप १६ बिटांत लिहितात. जितक्या कंपनांपर्यंतचा ध्वनि हवा, त्यांच्या दुपटीहून अधिक मापें घेतलीं तर मूळ लहर पुन्हां उभी करतां येते, असें गणित सांगतें. निरोगी तरुण कानाची धांव सेकंदाला सुमारें २०,००० कंपनांपर्यंत असते. तेव्हां ४४,१०० हा आंकडा पुरेसा झाला. डाव्या-उजव्या दोन्ही बाजू मिळून सेकंदाला १४,११,२०० बिट, म्हणजे तासाला सुमारें ६३५ मेगाबाइट होतात.

इंटरनेटच्या बाल्यावस्थेंत एवढा भार वाहणें शक्य नव्हतें. मोठ्या आवाजाच्या निकटचा बारीक आवाज कानाला जाणवत नाहीं, या गोष्टीचा लाभ घेऊन तो भाग गाळून टाकावयाचा, हें तत्त्व एमपी३ या पद्धतीनें १९९० नंतरच्या दशकांत रूढ केलें. ही काटकसर बेताची असेल तर सहसा कळत नाहीं. ती फार झाली म्हणजे तंबोऱ्याच्या उपस्वरांचें जाळें विरघळल्यासारखें होतें आणि तबल्याच्या चाटेवरील बोल बोथट उमटतो. ज्या गायनाचा सारा पाया अखंड वाजणाऱ्या षड्जावर आहे, तेथें हा तोटा लहान नव्हे.

याच्या उलट फ्लॅक ही पद्धति. तिची पहिली पूर्ण आवृत्ति २००१ सालीं निघाली. धोतर घडी घालून पेटींत ठेवलें तर जागा थोडी लागते, आणि उलगडल्यावर एक सूतही कमी भरत नाहीं. फ्लॅकचें तसेंच आहे. अशा प्रकारांस ‘लॉसलेस’ म्हणतात. आपल्याला हवा तो हाच.

प्रवाहाची निवड

ॲपल म्युझिकनें जून २०२१ पासून जादा आकार न घेतां लॉसलेस संगीत देण्यास आरंभ केला. स्पॉटिफायनें तें सप्टेंबर २०२५ पासून हळूहळू निरनिराळ्या देशांत सुरू केलें. आपल्या वर्गणींत ही सोय आहे कीं नाहीं तें प्रथम पाहावें. सोय असूनही ती पुष्कळदां बंद असते. सेटिंगमध्यें ‘ऑडिओ क्वालिटी’ या आशयाचें जें पान असतें, तेथें जाऊन ती स्वतः सुरू करावी लागते. मोबाइलवर केलेली निवड संगणकावर आपोआप लागू होईल असें समजूं नये. गाणें ब्राउझरमध्यें न ऐकतां त्या कंपनीचें ॲप संगणकावर घालून घ्यावें, कारण ब्राउझरमधून पुष्कळदां हलक्या प्रतीचाच प्रवाह मिळतो.

त्याच पानावर दुसऱ्याही कांहीं गोष्टी असतात. सर्व गाण्यांचा आवाज सारखा करणारी सोय, एक गाणें संपतां संपतां दुसरें त्यांत मिसळणारी सोय, आणि इक्वलायझर, हीं तिन्ही बंद करावींत. मैफलीचें ध्वनिमुद्रण दोन भागांत विभागलेलें असेल तर मध्यें खंड पडूं न देणारी सोय मात्र सुरू ठेवावी.

आतां २४ बिट आणि १,९२,००० मापें, अशा मोठ्या आंकड्यांविषयीं. असा प्रवाह सेकंदाला सुमारें ९२ लाख बिट मागतो, म्हणजे सीडीच्या साडेसहापट. संपादनाचें काम करणाऱ्या स्टुडिओस त्याचा उपयोग आहे. घरीं ऐकणाऱ्यास त्यापासून लाभ झालाच तर अत्यल्प. विशेषतः जुन्या ध्वनिमुद्रणांच्या बाबतींत हें ध्यानांत ठेवावें. १९२५ सालीं विद्युत्-ध्वनिमुद्रण सुरू होण्यापूर्वीं गायकाला भोंग्यासमोर गावें लागे, आणि त्या भोंग्याला फार खालचे व फार वरचे स्वर पकडतांच येत नसत. जें मूळ तबकडींतच उतरलें नाहीं, तें अंक वाढवून कोठून येणार?

संगणकाची आंतील व्यवस्था

संगणक नवा व महागडा असण्याचें कारण नाहीं. स्ट्रीमिंगचें काम त्याला अगदीं हलकें असतें. पांच-सात वर्षें वापरलेला लॅपटॉपही तें उत्तम करतो. पंख्याची घरघर करणारा संगणक मात्र बैठकीपासून दूर ठेवावा.

विंडोज ही प्रणाली सर्व ॲपांचे आवाज एकत्र कालवून एकाच ठराविक मापानें पुढें पाठविते. तें माप बहुधा ४८,००० असतें, आणि आपलें गाणें ४४,१०० चें. मग प्रत्येक क्षणीं नवें गणित करून अंक बदलले जातात. हा फरक हल्लीं फारसा ऐकूं येत नाहीं. पण तो टाळण्यास एक पैही पडत नाहीं, म्हणून टाळावा. सेटिंग्ज, सिस्टिम, साऊंड या क्रमानें जाऊन आपलें उपकरण निवडावें, फॉरमॅट १६ किंवा २४ बिट व ४४,१०० हर्ट्झ करावा, आणि आवाज ‘सुधारण्याचे’ जे एनहान्समेंट असतील ते बंद करावे. मॅकवर हेंच काम ‘ऑडिओ मिडी सेटअप’ या प्रोग्रामांत होतें. कांहीं ॲपांत ‘एक्स्क्लुझिव्ह मोड’ असतो. तो सुरू केल्यास ध्वनीचा मार्ग त्या एकाच ॲपला मिळतो, आणि विलंबितांतील आलाप रंगांत आला असतां निरोपाची घंटा मध्येंच वाजत नाहीं.

ब्लूटूथविषयीं चार शब्द. बहुतेक ब्लूटूथ उपकरणें गाणें वाटेंत पुन्हां एकदां दाबून लहान करतात. स्वयंपाक करतांना ऐकावयास तें ठीक. लक्ष देऊन ऐकावयाचें असेल तेव्हां तार जोडावी.

अंकांचा पुन्हां ध्वनि

अंकांचें विद्युत्-लहरींत रूपांतर करणाऱ्या उपकरणास ‘डॅक’ म्हणतात. प्रत्येक संगणकांत तो असतोच. पण तेथें इतर भागांच्या शेजारामुळें पुष्कळदां बारीक खरखर मिसळते. रात्रीं शांत वेळीं हेडफोन लावून गाणें थांबवावें. तरीही खरखर ऐकूं आली तर यूएसबीला जोडण्याचा बाहेरचा डॅक घ्यावा. न आली तर तूर्त घेऊं नये. माफक किंमतीचा डॅकही हल्लीं फार चांगला असतो. महागड्या यूएसबी तारेवर पैसे घालवूं नयेत. त्या तारेंतून अंक जातात, आणि ते बिनचूक पोंचले म्हणजे तिचें काम संपलें. सोन्याच्या लोट्यानें घातल्यानें तुळशीचें पाणी अधिक ओलें होत नाहीं.

स्पीकर व खोली

सर्वांत मोठा फरक येथें पडतो, आणि लोकांचें सर्वांत कमी लक्ष येथेंच असतें. लॅपटॉपच्या अंगच्या स्पीकरांतून तबल्याचा डग्गा आणि तंबोऱ्याचा खर्ज धडपणें निघूंच शकत नाहींत. तेवढी हवा हलविण्याचें सामर्थ्य त्यांत नसतें. म्हणून खर्च करावयाचा असेल तर तो स्पीकरच्या जोडीवर करावा. अँप्लिफायर आंतच असलेली जोडी घेतली तर वेगळें यंत्र लागत नाहीं. दोन स्पीकर आणि श्रोता यांचा समभुज त्रिकोण व्हावा. स्पीकर कानाच्या उंचीला व भिंतीपासून हात-दोन हात पुढें असावेत. बैठक जमिनीवर असेल तर स्पीकरही त्या मानानें खालीं आणावेत.

उघड्या फरशीची आणि चुन्याच्या भिंतींची रिकामी खोली ध्वनि परतवून शब्द अस्पष्ट करते. त्यावरचा उपाय घरांतच आहे : फरशीवर जाड सतरंजी किंवा जाजम, खिडकीला जाड पडदा, आणि पाठीमागच्या भिंतीला पुस्तकांचें कपाट. वरचा पंखाही थोडा वेळ बंद ठेवून पाहावा.

कानाची परीक्षा

एवढें करून लॉसलेस खरोखरच निराळें ऐकूं येतें काय, हें घरच्या घरीं ठरवितां येतें. ऐकणारानें संगणकाकडे पाठ करून बसावें. नातवानें नाणें उडवून, कधीं हलक्या प्रतीचा तर कधीं लॉसलेस, असा एकच तुकडा लावावा, आणि दोहोंचा आवाज अगदीं सारखा राखावा; कारण किंचित् मोठें वाजलें तें चांगलें, असा भ्रम कानाला होतो. असें दहा वेळां करावें. केवळ अटकळीनें दहांपैकीं नऊ किंवा त्याहून अधिक उत्तरें बरोबर येण्याचा संभव शंभरांत सुमारें एक आहे. पांच-सहाच बरोबर आलीं तर फरक ऐकूं येत नाहीं असें समजून जादा वर्गणीचे पैसे वांचवावेत. त्यांत कमीपणा नाहीं. माझ्या समवयस्कांस हें आवर्जून सांगतों कीं, साठीनंतर अति उंच कंपनें ऐकण्याची शक्ति सर्वांचीच मंदावते. पण मींड, श्रुतींचें स्थान आणि शब्दाचा उच्चार यांचा मुख्य भाग त्याहून पुष्कळ खालीं असतो, आणि त्यांस चांगले स्पीकर व नीट मांडलेली खोली यांचाच आधार आहे.

भाड्याचें आणि मालकीचें

शेवटीं एका महत्त्वाच्या गोष्टीकडे लक्ष वेधतों. स्ट्रीमिंगचें गाणें आपलें नसतें. वर्गणी चालू असेतों आणि कंपन्यांचे आपसांतील करार टिकतील तोंपर्यंतच तें मिळतें. २०१९ सालीं सारेगामाचें, म्हणजे पूर्वींच्या ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाचें, भांडार स्पॉटिफायवरून नाहींसें झालें व करार झाल्यावर २०२० सालीं परत आलें. म्हणून जें गाणें घराण्याच्या आठवणींशीं जडलें आहे, त्याची सीडी मिळत असल्यास घ्यावी, ती संगणकावर फ्लॅकमध्यें उतरवावी, आणि दोन निरनिराळ्या ठिकाणीं प्रती ठेवाव्यात. आजीच्या ओव्या किंवा घरच्या मंगलकार्यांतील गाणें एखाद्या कॅसेटवर असेल, तर तें काम प्रथम करावें. कॅसेटची फीत दिवसेंदिवस क्षीण होते, आणि तें गाणें जगांतील कोणत्याही भांडारांत नाहीं.

तात्पर्य, आधीं बिनखर्चाचीं कामें उरकावींत : ॲप, त्याचें सेटिंग, सतरंजी आणि पडदा. मग स्पीकर, आणि खरखर असेल तरच डॅक. एवढें झालें कीं यंत्राची खटपट सोडून द्यावी, मोबाइल दुसऱ्या खोलींत ठेवावेत, आणि आठवड्यांतून एक तास तरी घरांतील लहानथोरांनीं एकत्र बसून एखादा राग अथपासून इतिपर्यंत ऐकावा.