मेंदूच्या लहरी आणि पक्षाघात

अक्राणी किंवा अक्कलकुवा तालुक्यातील एखाद्या दुर्गम पाड्यावर कोणाचा हात अचानक लुळा पडला, तोंड वाकडे झाले वा वाचा अडखळली, तर त्याला बांबूच्या झोळीतून रस्त्यापर्यंत आणण्याचे प्रसंग नंदुरबार जिल्ह्यात घडतात. रुग्णालयात पोहोचल्यावर नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो : माणूस पुन्हा उभा राहील ना? याचे उत्तर शोधताना 'ईईजी' म्हणजे मेंदूचा विद्युत आलेख काही प्रमाणात साहाय्यभूत ठरतो.

हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरांनी १९२४ साली मानवी मेंदूच्या विद्युत लहरी प्रथम नोंदविल्या. तपासणी वेदनारहित असते. डोक्यावर ठिकठिकाणी तारा चिकटवितात, इतकेच. निरोगी प्रौढ व्यक्ती डोळे मिटून जागी असता सेकंदाला ८ ते १३ आवर्तनांच्या 'अल्फा' लहरी दिसतात. रक्तपुरवठा घटला की काही मिनिटांतच त्या क्षीण होतात आणि ४ हून कमी आवर्तनांच्या संथ 'डेल्टा' लहरी उमटू लागतात. मेंदूच्या दोन्ही बाजूंची तुलना केल्यास इजेची बाजू समजते. अल्फाच्या तुलनेत डेल्टा जितक्या अधिक, तितकी सुधारणा कमी होण्याची शक्यता; एखाद्या भागातील लहरी जवळजवळ मावळल्या असतील, तर इजा मोठी समजतात. अर्थात हा अंदाज आहे, निर्णय नव्हे. गुंगीच्या औषधांनीही लहरी संथ होतात, तर खोलवरचा लहानसा झटका आलेखात मुळीच न दिसणे शक्य असते.

शिवाय रक्ताची गुठळी झाली की रक्तस्राव, हे ईईजी सांगू शकत नाही. त्यासाठी सी.टी. स्कॅनच हवा. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि रक्तस्राव असता तेच घातक ठरते. म्हणून ईईजीसाठी थांबू नये, आणि 'सकाळी बघू' असे म्हणून तर मुळीच नाही. १०८ क्रमांकावर त्वरित कळवावे.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. भिल्ल व पावरा समाजांत सिकलसेल आजार बराच आढळतो आणि त्यामुळे लहान मुलांनाही पक्षाघात होतो. अशा मुलाचा हातपाय लुळा पडल्यास तो थकवा वा बाहेरची बाधा समजू नये. सिकलसेलचे कार्ड सोबत न्यावे व डॉक्टरांना प्रथम तेच दाखवावे, कारण या मुलांच्या उपचारात रक्त चढविणे किंवा बदलणे हाच मुख्य भाग असतो.