ऊब कोठून येते?

थंडीच्या गोष्टी निघाल्या की आपल्याकडे महाबळेश्वरचे नाव आधी येते. परंतु पौषातील पहाट खऱ्या अर्थाने अंगावर घेतात ते निपाणीच्या शिवारातील लोक. तेथून पुढे घाट चढून गेले की बेळगाव. समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच. जानेवारीत किमान तापमान सरासरी १४ अंशांच्या आसपास. काश्मिरी मनुष्यास या आकड्याचे हसू येईल. पण निपाणीकडे त्या थंडीत दवाने भिजलेल्या तंबाखूत हात घालावयाचे असतात, हे त्यास सांगावे लागेल. उन्हात वाळलेले तंबाखूचे पान हात लावताच चुरा व्हावे इतके कुरकुरीत होते. पहाटेच्या दवाने मऊ पडले म्हणजेच ते गोळा करता येते. तेव्हा ज्या घटकेस पांघरुणात राहावे, त्याच घटकेस बायाबापड्या रानात असतात.

अशा वेळी शरीर मोठे हिशेबी वागते. आतली ऊब ३७ अंशांच्या आसपास राखली नाही तर काळीज व मेंदू चालावयाचे नाहीत. म्हणून हातापायांच्या कातडीतील रक्तवाहिन्या आवळतात आणि रक्त आत वळविले जाते. बोटे बधिर होतात ती या काटकसरीमुळे. अंगावर काटा येतो तो केसाळ पूर्वजांचा वारसा. अंगावर पुरेसे केसच न उरल्याने आपल्याला त्याचा उपयोग नाही. मग येते हुडहुडी. स्नायू कसलेही काम न करता आकुंचन पावतात आणि उष्णता कित्येक पटींनी वाढवितात. त्याला इंधन लागते ते पोटातल्या भाकरीचे. थंडीला इकडचा कानडी माणूस ‘चळी’ म्हणतो आणि घोंगड्याला ‘कंबळी’. कुडकुडणे मात्र दोघांचे एकच.

या कुडकुडण्यावर ठरलेला तोडगा म्हणजे विडीचा झुरका. ज्या पिकावर निपाणीची पेठ उभी राहिली त्याविषयी असे लिहिणे जिवावर येते, पण विडीची ऊब घशापुरतीच. निकोटिनने बोटांच्या रक्तवाहिन्या अधिकच आवळतात व बोटे आणखी गार पडतात. दारूचे उलट आहे. ती कातडीतील वाहिन्या सैल करते, चेहरा तापतो, आणि माणसास वाटते की ऊब आली. वास्तविक ती तेव्हा बाहेर निघालेली असते.

घोंगडेही स्वतः गरम नसते. दख्खनी मेंढीची राठ लोकर, तिला चिंचोक्याची खळ. त्या धाग्यांत हवा अडकून राहते आणि अंगाची ऊब अंगाशी राहते. लोकर बरीच ओल पोटात घेऊनही ओलसर लागत नाही. सुती लुगड्याचे तसे नाही. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते, म्हणून दवाने भिजलेला ओचा पायांची ऊब ओढून घेतो. याच मुलखात, निपाणीजवळच्या अक्कोळला, संत बाळूमामा (१८९२–१९६६) जन्मले. त्यांच्या नावाचे मेंढ्यांचे कळप आजही फिरतात. पण लोकरीला कातरणीची मजुरीही सुटत नाही, आणि पेठेत गिरणीचे ब्लँकेट स्वस्त मिळते.

खरी काळजी तान्ह्या मुलांची. नवजात मूल हुडहुडी भरून ऊब निर्माण करू शकत नाही. खांद्यांच्या फऱ्यांमध्ये व मूत्रपिंडांभोवती असलेली तपकिरी चरबी जाळून ते निभावते. अपुऱ्या दिवसांच्या मुलाजवळ तीही थोडीच. जुन्या घरांत म्हणूनच बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवीत. हेतू योग्य होता. पण दारे-खिडक्या बंद करून निखारे धुमसू दिले की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला ना रंग, ना वास. तो रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो आणि माय-लेकरे झोपेतच जातात. १९७८ साली कोलंबियातील बोगोटा येथे डॉ. एडगर रे यांनी, काचपेट्या अपुऱ्या पडत म्हणून, कमी वजनाची उघडी मुले आईच्या उघड्या छातीशी ठेवण्याचा उपाय सुरू केला. जागतिक आरोग्य संघटना आज तोच सांगते. पहिली आंघोळही चोवीस तासांनंतर, असे तिचे म्हणणे. न्हाणीतल्या कढत पाण्यावर विश्वास असलेल्या आजीस हे पटविणे कठीण. तिला टोपडे मात्र खुशाल घालू द्यावे. तान्ह्याचे डोके अंगाच्या मानाने मोठे असते, आणि तेथूनही ऊब बरीच जाते.