रजेवर आलेल्यांचा हक्क

विद्यार्थी मित्रांनो, ‘हक्क’ हा शब्द उर्दूतही आहे आणि मराठीतही. आज एका हक्काविषयी वाचू या.

समजा, शहाद्याचे एक चाचा सौदी अरेबियात गाडी चालवतात. दोन वर्षांनी ते रजेवर घरी आले आणि आजारी पडले. घरात प्रश्न निघाला, ‘‘इलाजाचा खर्च कसा होणार?’’

तेथील मालकाला कामगाराचा आरोग्य विमा उतरवावा लागतो. पण तो विमा भारतात चालेलच असे नाही. म्हणून निघण्यापूर्वी त्याच्या अटी वाचाव्यात. दहावी उत्तीर्ण नसलेल्या कामगाराला आखाती देशांत जाताना ‘प्रवासी भारतीय बीमा’ घ्यावाच लागतो. ही योजना २००३ साली सुरू झाली. हा विमा दोन किंवा तीन वर्षांचा असतो. त्याची मुदत संपली का, हेही पाहावे.

आता आपल्या देशातील हक्क पाहू. प्रत्येक देशाचा नियम वेगळा असतो. ब्रिटनचा नागरिक कायमचा परदेशी राहायला गेला, तर सुट्टीत मायदेशी आल्यावर त्याला रुग्णालयाचे पैसे भरावे लागू शकतात. तेथे हक्क राहण्यावर ठरतो. महाराष्ट्रात मात्र १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार मोफत आहेत. केसपेपरचेही पैसे लागत नाहीत. रजेवर आलेल्या चाचांनाही तेथे उपचार मिळतात.

मोठ्या शस्त्रक्रियेसाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ साली ती वेगळ्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली. शेजारचा धुळे जिल्हा त्यांत होता. पुढच्या वर्षी ती राज्यभर लागू झाली. आता या योजनेत एका कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत उपचार मिळू शकतात. मात्र रुग्णालय योजनेतील असावे लागते. तेथे रेशनकार्ड आणि फोटो असलेले ओळखपत्र दाखवावे लागते. चाचा परदेशी गेले म्हणून त्यांचे नाव कार्डावरून कमी केले असेल, तर ऐन वेळी अडचण येते. नाव पुन्हा घालण्यासाठी तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत अर्ज करावा.

अपघात झाला तर कागदांसाठी थांबू नये. जखमी माणसाला आधी वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, मग तो सरकारी असो वा खाजगी, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये दिला आहे.

मित्रांनो, हक्क असूनही एका कागदावाचून तो हातचा जाऊ शकतो. आज घरी गेल्यावर रेशनकार्ड काढा. त्यावरील प्रत्येक नाव मोठ्याने वाचा. कोणाचे नाव राहिले असेल, तर घरच्यांना सांगा.