‘काल’ आला की ‘हॅड’ नको! इंग्रजीतला भूतकाळ मराठीतून असा समजून घ्या

“काल मी पुण्याला गेलो होतो.” हे इंग्रजीत सांग म्हटलं की दहावी-बारावी झालेली आपली बरीच पोरं म्हणतात, “आय हॅड गॉन टू पुणे यस्टरडे.” ‘होतो’ म्हणजे ‘हॅड’ हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण इथं ‘हॅड’ लागत नाही. “आय वेन्ट टू पुणे यस्टरडे,” एवढंच बरोबर.

राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तरी नोकरीच्या मुलाखतीत पोरं भूतकाळात अडखळतात. आणि मुलाखतीत विचारतात ते झालेलंच : कुठं शिकलास, आधी काय केलंस. म्हणून हे चार फरक नीट बघा.

१) वेळ सांगितली की साधा भूतकाळ
काल, मागच्या आठवड्यात, दोन वर्षांपूर्वी, २०१९ मध्ये असा शब्द आला की क्रियापदाचं दुसरं रूप वापरायचं. गो-वेन्ट, बाय-बॉट, सी-सॉ. मराठीत आपण सवयीनं ‘होतो, होता’ जोडतो, ते इंग्रजीत आणायचं नाही.

२) ‘हॅड’ कुठं लागतो?
झालेल्या दोन गोष्टींपैकी आधी कोणती झाली हे सांगायचं असेल तिथं. “मी स्टँडवर पोचलो तेव्हा एसटी निघून गेली होती” म्हणजे “व्हेन आय रीच्ड द स्टँड, द बस हॅड लेफ्ट.” इथं गाडी आधी गेली, तुम्ही नंतर पोचलात. ‘हॅड’ काढून नुसतं “द बस लेफ्ट” म्हटलं, तर तुम्ही पोचलात आणि मग गाडी सुटली असा अर्थ होतो. म्हणजे गाडी मिळाली की हुकली, हे त्या एका शब्दावर ठरतं.

३) ‘हॅव’नं नोकरीचा अर्थ बदलतो
“मी अर्ज भरलाय” याला “आय हॅव सबमिटेड द फॉर्म.” कधी भरला ते सांगितलेलं नाही, काम झालंय एवढंच सांगायचंय. पण ‘काल’ जोडलं की ‘हॅव’ जातो : “आय सबमिटेड द फॉर्म यस्टरडे.”

मुलाखतीत हे फार महत्त्वाचं. “आय वर्क्ड देअर फॉर टू इयर्स” म्हणजे दोन वर्षं केलं आणि सोडलं. “आय हॅव वर्क्ड देअर फॉर टू इयर्स” म्हणजे अजून तिथंच आहे. नोकरी चालू असताना पहिलं वाक्य बोललात, तर समोरचा समजणार की तुम्ही सध्या रिकामे आहात. “आय ॲम वर्किंग सिन्स टू इयर्स” हेही आपल्याकडं सर्रास चालतं, पण ते चूक. “आय हॅव बीन वर्किंग फॉर टू इयर्स” म्हणा.

४) ‘डिड’ आला की क्रियापद मूळ रूपात
“मी गेलो नाही” यात आपलं ‘गेलो’ तसंच राहतं. म्हणून पोरं “आय डिड नॉट वेन्ट” म्हणतात. इंग्रजीत भूतकाळ ‘डिड’नं दाखवला की झालं, पुढं मूळ शब्द : “आय डिड नॉट गो.” प्रश्नातही तसंच : “डिड यू गो?”

एक गोष्ट मात्र आपल्यापेक्षा सोपी आहे. मराठीत आंबा खाल्ला, भाकरी खाल्ली, पोहे खाल्ले असं रूप बदलतं. इंग्रजीत तिन्हीला एकच ‘एट’. तो गेला, ती गेली, ते गेले, सगळ्यांना ‘वेन्ट’.

सराव कसा करायचा?
बहुतेक क्रियापदांना नुसतं ‘ईडी’ लागतं. वेडीवाकडी रूपं असलेली साधारण दोनशे आहेत, पण रोजच्या बोलण्यात त्यातली चाळीस-पन्नासच येतात. ती वहीत लिहून रोज पाच पाठ करा. संध्याकाळी जेवणं झाली की दिवसभरात काय काय केलं त्याची पाच वाक्यं मोबाईलमध्ये रेकॉर्ड करा आणि परत ऐका. कुठं ‘हॅड’ उगाच घुसला, कुठं ‘डिड’पुढं ‘वेन्ट’ आला, ते आपलं आपल्यालाच कळतं.

घरातलं पोर चुकलं तर हसू नका. ते मराठीत विचार करून बोलतंय, म्हणून ‘होतो’चा ‘हॅड’ होतो. एवढं कळलं की अर्धं काम झालं.